क्वार्टरबॅकची धमक कशी ओळखावी

ज्यांचे भाचे, पुतणे किंवा मुले अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेली आहेत, अशा लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या कितीतरी घरांत अलीकडे एक नवा खेळ शिरला आहे. तिकडे त्याला नुसते फुटबॉल म्हणतात, पण त्यातला चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. माझा भाचा ओहायोत राहतो आणि सिनसिनाटी बेंगल्स या संघाचा निस्सीम चाहता आहे. त्याच्यामुळे मीही हा खेळ पाहू लागलो. सुरुवातीला नियम कळत नव्हते, परंतु सर्वांच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना काहीतरी सांगणारा आणि चेंडू हातात येताच क्षणभर थांबून तो दूरवर फेकणारा गडी, म्हणजे क्वार्टरबॅक, पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरला. त्याच्याविषयीचे मतही नियम समजण्याआधीच तयार झाले. मी म्हणालो, "पोरगं माजलेलं दिसतंय." भाचा म्हणाला, "मामा, तो माज नाही, धमक आहे." आमचा तो वाद पुढे दोन हंगाम चालला. त्या वादातून मी जे शिकलो, ते इथे पद्धतशीर मांडत आहे, म्हणजे नव्याने हा खेळ पाहणाऱ्याला स्वतःचे मत नीट बनवता येईल.

माझे सांगणे एवढेच आहे की, क्वार्टरबॅकचा छातीठोकपणा त्याने सामन्याआधी काय बोलून दाखवले यावरून जोखू नये; चूक झाल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात तो आपल्या माणसांकडे कसा वळतो, यावरून जोखावा. त्यासाठी काय पाहायचे आणि कशाकडे दुर्लक्ष करायचे, ते आता पाहू.

आधी शब्द नीट निवडा

आपल्या भाषेत या एका गुणासाठी निदान चार शब्द आहेत आणि चारही वेगवेगळ्या क्रियापदांबरोबर नांदतात. रग जिरते, माज उतरवावा लागतो, फुशारकी मारली जाते आणि धमक दाखवावी लागते. या चार क्रियापदांतच जोखण्याची निम्मी पद्धत आली आहे. रग ही वयाची गोष्ट असते. तेविशीतल्या मुलाने टचडाउननंतर, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या रेषेपार नेऊन गुण मिळवल्यावर, नाच केला, तर ती रग समजावी आणि सोडून द्यावी, कारण दोन हंगाम मार खाल्ला की ती आपोआप जिरते. माजात समोरच्याला तुच्छ लेखलेले असते. फुशारकीत न केलेल्या कामाचे श्रेय घेतलेले असते. धमक मात्र अंगात असलेली ताकद ऐन वेळी, हरण्याची भीती समोर दिसत असताना, वापरण्याची तयारी असते. सामना पाहताना मनात पहिला शब्द कोणता उमटला ते लिहून ठेवावे आणि सामना संपल्यावर तोच शब्द टिकतो का ते पाहावे. माझ्या वहीत असे खोडलेले शब्द पुष्कळ आहेत.

त्याला आत्मविश्वास लागतो कशासाठी

हे समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही, म्हणून थोडे थांबून पाहावे. मैदानात प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू असतात आणि १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. त्या प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. एक प्रयत्न संपला की पुढचा सुरू करण्यासाठी साधारणपणे ४० सेकंदांचे घड्याळ चालू होते. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये छोटा ध्वनिवर्धक असतो आणि त्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो. प्रशिक्षक त्यातून त्याला पुढची चाल सांगतात, परंतु घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. त्यानंतर तो एकटा असतो. बाकीच्या दहा जणांना चाल कळते ती त्याच्याच तोंडून. समोरच्या संघाची मांडणी वेगळी दिसली तर चाल बदलायची की नाही, हेही त्यालाच ठरवावे लागते.

आता त्याच्यापुढे उभ्या असलेल्या पाच दांडग्या गड्यांचा विचार करा. त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. त्यांची पाठ क्वार्टरबॅककडे असते, त्यामुळे मागे काय चालले आहे ते त्यांना दिसत नाही, फक्त त्याचा आवाज ऐकू येतो. तो आवाज कापरा असेल, तर ते पाच जण अर्धा क्षण उशिरा हलतात, आणि त्या अर्ध्या क्षणात समोरचा गडी आत घुसून क्वार्टरबॅकला जमिनीवर आपटतो. म्हणून या खेळात आत्मविश्वास हे कामाचे अवजार आहे. सुताराचा रंधा किंवा पखवाजवाल्याचा तळहात जसा, तसाच क्वार्टरबॅकचा ठाम आवाज. हे एकदा लक्षात आले की त्याच्या ताठ मानेचा आपल्याला येणारा राग बराचसा ओसरतो, निदान माझा तरी ओसरला.

सामन्याआधीचे बोलणे कितपत धरावे

फारसे धरू नये. त्यासाठी दोन जुनी उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

जानेवारी १९६९ मध्ये न्यूयॉर्क जेट्सचा जो नेमथ याने तिसऱ्या सुपर बोलच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याच्या, तीन दिवस आधी मायामीत जाहीरपणे विजयाची हमी दिली. जाणकारांच्या हिशेबात बाल्टिमोर कोल्ट्सचा संघ १८ गुणांनी वरचढ धरला गेला होता. जेट्सने तो सामना १६-७ असा जिंकला आणि ती हमी अजरामर झाली. पण सामन्याचा तपशील पाहिला तर वेगळेच काही दिसते. एवढी मोठी हमी देणाऱ्या नेमथने त्या दिवशी स्वतः एकही टचडाउन फेकले नाही, आणि आघाडी हातात आल्यावर चौथ्या सत्रात तर एकही पास टाकला नाही. तो मॅट स्नेल या धावणाऱ्या गड्याच्या हातात चेंडू देत राहिला. स्नेलने १२१ यार्ड काढले आणि संघाचे एकमेव टचडाउनही त्यानेच केले. ज्याच्या तोंडी एवढी धिटाई होती, त्याचा हात मैदानात इतका संयमी होता. धमक म्हणतात ती हीच.

दुसरे उदाहरण ४ जानेवारी २००४ चे आहे. ग्रीन बे येथे सिअॅटल सीहॉक्सचा ग्रीन बे पॅकर्सविरुद्धचा सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला. नाणेफेक सिअॅटलने जिंकली आणि त्यांचा क्वार्टरबॅक मॅट हॅसलबेक पंचाच्या मायक्रोफोनजवळ सरळ बोलून गेला की चेंडू आम्हाला हवा आणि आम्ही गुण मिळवणार. थोड्याच वेळात त्याचाच पास ग्रीन बेच्या अल हॅरिसने मध्येच पकडला आणि ५२ यार्ड पळत जाऊन सामना संपवला. निकाल ३३-२७. तेव्हापासून हॅसलबेकचे ते वाक्य हसण्याचा विषय झाले. मला त्यात अन्याय दिसतो. नेमथ जे बोलला त्याहून हॅसलबेक फारसे वेगळे काही बोलला नव्हता. एकाचा संघ जिंकला, दुसऱ्याचा पास अडवला गेला, एवढाच फरक. हाच हॅसलबेक दोन वर्षांनी, फेब्रुवारी २००६ मध्ये, सिअॅटलला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला, हे मात्र हसणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. म्हणून नियम असा करावा की निकाल लागल्यानंतर बोलण्याची किंमत ठरवायची नाही. ती आधीच ठरवून वहीत लिहायची आणि निकालानंतर तिला हात लावायचा नाही.

बोलणे कधीच मोजू नये असेही नाही. ते कोणासाठी होते, हे मात्र जरूर विचारावे. सप्टेंबर २०१४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने पहिल्या तीनपैकी दोन सामने गमावले, तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक आरन रॉजर्सने चाहत्यांना एकच शब्द, अक्षरे सुटी करून, सांगितला: रिलॅक्स, म्हणजे निवांत राहा. त्या हंगामात त्यांनी १२ सामने जिंकले आणि चारच गमावले. ते बोलणे प्रतिस्पर्ध्याला डिवचण्यासाठी नव्हते, घाबरलेल्या आपल्या माणसांसाठी होते. घरात कोणी आजारी असताना थोरल्या भावाने "काही होत नाही" म्हणावे, त्या जातीचे ते बोलणे होते.

चुकीनंतरचे पहिले मिनिट

सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे, कारण इथे काहीच लपत नाही.

मी मैदानावरचे नेतृत्व पहिल्यांदा पाहिले ते औसा तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेत, कबड्डीच्या सामन्यात. आमच्या संघाचा कर्णधार फार तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होता. चढाईला निघताना मांडीवर थाप मारून समोरच्या साताही जणांना नावाने हाका मारायचा. मला तो आवडत नव्हता. शेवटची दोन मिनिटे उरली असताना आमच्या उजव्या कोपऱ्यावरच्या सोळा वर्षांच्या पोराच्या हातून घोटा निसटला, चढाई करणारा गुण घेऊन परत गेला आणि आघाडी गेली. प्रेक्षकांतून शिव्या आल्या. कर्णधार त्या पोराजवळ गेला, खाली वाकून मैदानातली मूठभर माती उचलली, त्याचे दोन्ही तळहात हातात घेऊन घामाने निसरडे झालेले ते तळवे मातीने चोळले आणि "पुन्हा तिथंच उभा राहा" एवढेच म्हणाला. त्याने पोराला आत ओढले नाही की जागा बदलली नाही. तो सामना आम्ही हरलो. पण त्या मातीने भरलेल्या तळहातांनी माझे त्या माणसाबद्दलचे मत कायमचे बदलले.

अमेरिकेतला सामना पाहताना मी आता तोच क्षण शोधतो. इंटरसेप्शन झाले, म्हणजे पास समोरच्या संघाने मध्येच पकडला, की बहुतेक प्रेक्षक चेंडू घेऊन पळणाऱ्याकडे पाहतात. आपण क्वार्टरबॅककडे पाहावे. तो पळणाऱ्याला अडवायला धावतो, की हात कमरेवर ठेवून ज्याच्याकडे पास टाकला होता त्याच्याकडे बोट दाखवतो? बाकावर गेल्यावर एकटा जाऊन बसतो, की लाइनच्या पाच जणांजवळ जाऊन बसतो? पुढच्या वेळी मैदानात उतरल्यावर त्याच गड्याकडे पुन्हा पास टाकतो का? या तिन्हींची उत्तरे कॅमेरा बहुधा दाखवतो, फक्त आपण तेव्हा चहा आणायला उठलेलो नसावे.

भाच्याचा आवडता, बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो याला मी माजलेला म्हणालो होतो. त्याच्याविषयीचे माझे मत फिरले ते जानेवारी २०२२ मधला टेनेसीविरुद्धचा सामना नंतर पूर्ण पाहिल्यावर. त्या एका सामन्यात बरोला नऊ वेळा पाडले गेले, म्हणजे नऊ वेळा सॅक झाला, आणि तरीही बेंगल्सने १९-१६ असा विजय मिळवला. त्या नियमित हंगामात तर त्याला ५१ वेळा पाडले गेले होते. नऊदा आपटल्यावर दहाव्यांदा तिथेच, त्याच पाच जणांच्या मागे उभे राहून समोर नजर लावायची, यासाठी जे काही लागते त्याला माज हा शब्द पुरत नाही. मी वहीतला शब्द खोडला.

पॅट्रिक महोम्सचे उदाहरण थोडे वेगळे आहे. फेब्रुवारी २०२० च्या सुपर बोलमध्ये त्याचा कॅन्सस सिटी संघ शेवटच्या सत्रात २०-१० असा मागे होता, त्याचे दोन पास अडवले गेले होते आणि तिसऱ्या डाउनला १५ यार्ड हवे होते. अशा वेळी दोन चुका झालेला माणूस आखडून खेळतो. महोम्सने मात्र लांब पल्ल्याची एक ठरावीक चाल स्वतः मागून घेतली, ४४ यार्डांचा पास दिला आणि संघाने सामना ३१-२० असा जिंकला. इथे निकालापेक्षा त्याने चाल मागितली हे मोठे. पास चुकला असता तरी मी त्याला धमकच म्हटले असते.

शांतपणाही याच मोजपट्टीत बसतो. जानेवारी १९८९ च्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जो मॉन्टॅनाला सुमारे तीन मिनिटांत ९२ यार्ड काढायचे होते. त्याच्या सहकाऱ्यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, त्या ताणात त्याने हडलमध्ये, म्हणजे चाल सांगण्यासाठी केलेल्या घोळक्यात, प्रेक्षकांत बसलेल्या जॉन कॅन्डी या विनोदी नटाकडे सगळ्यांचे लक्ष वेधले. सगळ्यांचा श्वास मोकळा झाला आणि ३४ सेकंद उरले असताना विजयी टचडाउन झाले. समोरचा संघ सिनसिनाटीच होता, त्यामुळे ही गोष्ट भाच्यापुढे मी जपून काढतो.

आपल्या भावना तपासण्याची रीत

आता चाहत्याची बाजू. इथे सर्वांत जास्त फसगत होते, कारण आपल्या खेळाडूची ती धमक आणि समोरच्याचा तो माज, असा हिशेब मन आपोआप करून टाकते. यावर उपाय एकच: जर्सी मनातल्या मनात बदलून पाहावी. हाच हावभाव समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकने केला असता, तर मी कोणता शब्द वापरला असता?

ही परीक्षा मला जानेवारी २०२३ मध्ये द्यावी लागली. बेंगल्सना कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड या मैदानावर खेळायचे होते आणि बेंगल्सच्याच एका बचावपटूने त्या मैदानाला बरोचे नाव जोडून टाकले होते. सिनसिनाटीच्या महापौरांनीही डिवचणारी चित्रफीत काढली. भाच्याच्या नादाने मलाही ते गोड वाटले. जर्सी बदलून पाहिली तेव्हा कळले की हे कॅन्ससवाल्यांनी केले असते, तर मी त्याला उघड माज म्हटले असते. बरो स्वतः यात नव्हता, पण त्याच्या नावाने इतरांनी जे केले त्याचा भार त्याच्याच खांद्यावर पडला. खेळाडूची धमक आणि त्याच्या भोवतीच्यांची फुशारकी वेगवेगळी मोजावी, हे मी तिथे शिकलो.

तो सामना ३० जानेवारीला आपल्या पहाटे पाच वाजता सुरू झाला. आमच्या घरी सगळे निजलेले होते, मी स्वयंपाकघरात आवाज बंद करून पाहत होतो आणि भाचा फोनवर होता. २०-२० अशी बरोबरी असताना, शेवटच्या काही सेकंदांत, दुखऱ्या घोट्यावर पळणारा महोम्स रेषेबाहेर गेल्यावर बेंगल्सच्या जोसेफ ओसाईने त्याला ढकलले. १५ यार्डांचा दंड झाला, त्यावर फील्ड गोल, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून मारून केलेला गोल, झाला आणि सामना २३-२० असा गेला. ओसाई बाकावर बसून रडत होता. बोगद्यातून आत जाताना एक सहकारी त्याच्यावर ओरडला, आणि त्याने नंतर माफीही मागितली. बी. जे. हिल नावाचा दुसरा सहकारी मात्र, वार्ताहर ओसाईला प्रश्न विचारत असताना, शेवटपर्यंत त्याच्या बाजूला उभा राहिला. हिल क्वार्टरबॅक नव्हता, त्याच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका नव्हता. मला औशाकडच्या त्या मैदानातली माती आठवली. भाचा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मामा, हिलचं नाव वहीत लिही."

आपल्याकडच्या खेळाडूंवरही ही नजर घासून घ्यावी, म्हणजे ती लवकर तयार होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताची ४ बाद ३२ अशी अवस्था असताना बीडच्या सचिन धसने ९६ धावा काढल्या आणि दुसऱ्या टोकाला कर्णधार उदय सहारनने ८१. आपल्या भागात त्या दिवशी सगळे बोलणे सचिनबद्दलच होते आणि ते स्वाभाविकही होते, कारण पोरगा आपला. पण सामना पुन्हा पाहायचा असेल तर सचिनच्या फटक्यांनंतर दुसऱ्या टोकाला उदय काय करतो ते पाहावे. एकाला मोकळेपणाने खेळता यावे म्हणून दुसऱ्याने संयमाने उभे राहणे, हे नेतृत्व धावफलकात पूर्ण दिसत नाही. तसेच धाराशिवची सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. ज्यांना खो-खोची जाण आहे त्यांना क्वार्टरबॅकचे १५ सेकंद समजवायला वेळ लागत नाही. खो कुणाला द्यायचा हे पळता पळताच ठरवावे लागते.

मैदानाबाहेरची एक गोष्ट मात्र मी मोजतो. डिसेंबर २०१९ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वांत मानाचा हाइजमन पुरस्कार स्वीकारताना बरोने ओहायोतल्या आपल्या अथेन्स परगण्याविषयी, तिथल्या गरिबीविषयी आणि शाळेतून घरी गेल्यावर ताटात पुरेसे न मिळणाऱ्या मुलांविषयी सांगितले. काही दिवसांतच तिथल्या अन्नकोठाराकडे लाखो डॉलर जमा झाले. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या रात्री ज्याला आपला मागास तालुका आठवतो, त्याच्या ताठ मानेकडे मराठवाड्यातल्या माणसाने रागाने पाहणे मला अवघड वाटते.

आता वेळेचे गणित सांगतो, कारण त्याशिवाय यातले काहीच पाहता येणार नाही. रविवारचे तिकडचे दुपारी एकचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात; नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांची घड्याळे मागे गेली की साडेअकराला. सुपर बोल फेब्रुवारीत सोमवारी पहाटे पाचला असतो. पहिले काही सामने समालोचनाचा आवाज बंद करून पाहावेत. वहीत दोन रकाने आखावेत: डावीकडे सामन्याआधीचा शब्द, उजवीकडे चुकीनंतरच्या मिनिटाला दिसलेले. घरात वाद घालणारा कोणी असेल, तर त्याला स्वतंत्र वही द्यावी आणि सामना संपेपर्यंत एकमेकांच्या वह्या उघडू नयेत.